डॉक्टरांची परीक्षा घेणारा आत्तेभाऊ

डॉक्टरांची परीक्षा घेण्यासाठीच जन्माला आलेला माणूस भूतलावर एकच, आणि तो माझा आत्तेभाऊ. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत तो बिडाच्या ओतीव लोखंडावर हातोडी मारून, नुसत्या आवाजावरून आत चीर आहे की नाही ते सांगायचा. त्यामुळे प्रत्येक जाणकाराने न सांगताच दुखणं ओळखावं, असा त्याचा हट्ट. एकदा मोटारसायकल मेकॅनिकच्या दारात लावून, "वळख बघू" म्हणत हा हाताची घडी घालून उभा राहिला. त्या बिचाऱ्याने अर्धं इंजिन उसकटलं. टाकीत पेट्रोल नव्हतं, हे ह्या गृहस्थाला पहिल्यापासून ठाऊक होतं! डॉक्टरांपुढे तर तो एका वेळी एकच तक्रार ठेवी, तीही उपकार केल्यासारखी. "समदं आपनच सांगायचं तर त्यो डॉक्टर कशाला? बीड काय तोंडानं बोलतंय व्हय?"

तिशीत त्याचा उजवा डोळा अंधुक झाला, लाल रंग विटका दिसू लागला. महिन्याभरात ते आपोआप निवळलं. पुढच्या वर्षी पाय बधिर झाले. चप्पल वाटेत गळून पडली तरी पत्ता नाही. मीच त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "याआधी कधी काही त्रास?" "काय न्हाय वो," म्हणत त्याने मला डोळा मारला. अंधुक दिसण्याचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याचा खेळ कशाला मोडा, म्हणून मी हसू दाबत बसलो. कंबरेत नस दबली असेल, असं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

आणखी दोन वर्षांनी तो चालताना झोकांड्या खाऊ लागला, तेव्हा मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली तसा हा खूश. मग डोळ्यात बॅटरी मारून त्यांनी विचारलं, "हा डोळा कधी अंधुक झाला होता?"

"वळखलासा की!" तो हरखून ओरडला.

एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं. मेंदूत आणि मज्जारज्जूत डाग निघाले, काही जुने, काही ताजे. मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते तो आजार. "वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी इजा झालीय का, ते जुळवून बघावं लागतं," बाई म्हणाल्या. "डोळ्याचं तेव्हाच कळलं असतं तर औषध आधी सुरू झालं असतं. गेलेलं बळ परत मिळेलच असं नाही. पुढचं राखू."

परतीच्या रिक्षात त्यानेच माझी मांडी थोपटली. "तू कशाला तोंड पाडतोस? डोळा म्याच मारलेला की."

आता तो काठी घेऊन चालतो, आणि डॉक्टरांना लहानपणीच्या गोवरापासून सगळं सांगतो. मी त्या दिवशी बोललो असतो तर, हे माझ्या मनातून जात नाही. त्याने एकदा तरी मला कचकचीत शिव्या घालायला हव्या होत्या. कोल्हापूरचा माणूस असून त्याने माझ्याच बाबतीत एवढी कंजुषी करावी!