बधिर पायांचा हॉकी सीझन

"प्लीज, मला मदत करू नका," डॉक्टर म्हणाली.

ऑकलंडच्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात मी पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून बसलो होतो. तिच्या हातात छोटी रबरी हातोडी होती. ती गुडघ्याखाली हातोडी मारायची आणि मी पाय उडवायचो. तिसऱ्या वेळी मी हातोडी लागायच्या आधीच पाय उडवला, तेव्हा ती थांबली. तिने मला डोळे मिटायला सांगितले. मी मिटले. बराच वेळ काही झालं नाही, म्हणून मी विचारलं, "कधी मारणार?"

"चारदा मारून झालं," ती म्हणाली.

माझा आजार सापडला तो असा. 'गियाँ-बारे सिंड्रोम', म्हणजेच जीबीएस. आपली प्रतिकारशक्ती एखाद्या साध्या संसर्गानंतर बिथरते आणि आपल्याच नसांच्या आवरणावर तुटून पडते. विजेच्या वायरचं प्लास्टिक सोलल्यासारखं होतं, आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत पोहोचत नाही. बहुधा पायांपासून सुरू होतं आणि वर चढतं.

"वर म्हणजे कुठवर?" हेमाने, माझ्या बायकोने, विचारलं.

"श्वासापर्यंत जाऊ शकतं. आम्ही लक्ष ठेवू. बहुतेक लोक पुन्हा चालतात." मग ती म्हणाली, "सगळे नाही."

हेमा रडायला लागली. मी समोरचं हात कसे धुवावेत याचं पोस्टर वाचत होतो. अंगठा वेगळा चोळायचा असतो हे मला माहीत नव्हतं. भीती वाटायला हवी हे कळत होतं, पण वाटत नव्हती. पाय बधिर झाले होते, त्यांच्या जोडीने मीही झालो होतो.

आता हातोडीचा खुलासा करतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी तळपायाला आत्ता मुंग्या येत असतील.

मलाही आल्या होत्या. मी दोष दिला नव्या जँडल्सना. जँडल्स म्हणजे आपल्या रबरी सपाता. इथले लोक त्या घालून बँकेतसुद्धा जातात. हिल्सबरोच्या कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातून, इथल्या भाषेत 'डेअरी'तून, मी त्या घेतल्या होत्या. पट्टे घट्ट आहेत, पाय बधिर होतात, अशी तक्रार घेऊन मी परत गेलो. गुजराती मालकाने जँडल्स उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाला, "अंकल, चप्पल बदलून देतो. पाय बदलून देत नाही आम्ही."

मग माउंट रॉस्किलमधल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनीही हातोडी मारली. पाय हलला नाही. आता, काही येत नसलं तरी कोरा पेपर द्यायचा नाही हे आमच्यावर शाळेत बिंबवलेलं. मी पाय उडवला, अगदी झोकात. "रिफ्लेक्सेस छान आहेत," ते म्हणाले. शाकाहारी आहे म्हटल्यावर त्यांनी बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन दिलं. घरी येऊन मी हेमाला सांगितलं, "पास झालो." वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करून पोट भरणाऱ्या माणसाने स्वतःची टेस्ट अशी दिली. आठवडाभराने मला कमोडवरून उठता येईना.

तेव्हा सांगणं एवढंच. डॉक्टर तपासतात ती तोंडी परीक्षा नसते. नापास व्हा, लवकर व्हा.

दुसऱ्या दिवशी लंबर पंक्चर झालं. कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं, आणि पाठीच्या कण्यातून सुईने थोडं पाणी काढून तपासायचं. ऐकायला भयंकर आहे, पण मला फार लागलं नाही. लागायला जे लागतं तेच कमी झालं होतं.

मग इम्युनोग्लोबुलिनच्या बाटल्या सुरू झाल्या. रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्यं सलाइनसारखी शिरेतून देतात. एका बाटलीत खूप जणांच्या रक्ताचा अंश असतो असं नर्सने सांगितलं. मी थेंब पडताना पाहत बसायचो. कोण कुठले लोक, एका दुपारी ऑफिसातून उठून रक्त देऊन आले असतील. नंतर बिस्कीट खाल्लं असेल.

पुण्याहून ताईचा फोन आला. जीबीएस हे नाव तिला माझ्याआधीपासून माहीत होतं. "अरे, आमच्याकडे साथ येऊन गेली त्याची! तुला पाणी उकळून प्यायला काय होतं रे?" मी म्हटलं, "ताई, इथे नळाचं पाणी चांगलं असतं." "मग झालं कसं?" याचं उत्तर डॉक्टरांकडेही नव्हतं.

आजार वर चढत होता. मांड्या झाल्या, हात झाले, मग चेहरा. दर काही तासांनी एका नळीत जोरात फुंकायचं. फुंकर अमुक एका आकड्याखाली गेली की आयसीयू आणि श्वासाचं यंत्र. माझी त्या आकड्याच्या अगदी वर येऊन थांबली आणि तिथेच राहिली. मला हायसं वाटलं नाही. फक्त कळलं.

चेहरा गेल्याची गंमत वेगळी. मी विनोद सांगायचो आणि तोंडावरची रेषा हलायची नाही. मारिसेल नावाची फिलिपिनो नर्स होती, ती पहिले दोन दिवस मला फार चिडका समजत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "म्हणजे तुम्ही विनोद करत होता? सगळा वेळ?"

याच सुमारास आमच्या ईशानचा हॉकीचा सीझन सुरू झाला होता.

ईशान आमचा एकुलता एक. जन्म ऑकलंडचा, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. हेमाचा जन्म इंग्लंडचा असल्यामुळे त्याला तिकडचा पासपोर्ट मिळाला. मला नुसते सासरे मिळाले. तो बर्फावरच्या हॉकीचा गोलकीपर, आणि त्या वर्षी ब्रिटनच्या व्यावसायिक लीगमधल्या एका संघाने त्याला घेतलं होतं. मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगितलं होतं. इथल्या टाकानिनीच्या गणपतीत तर माइकवरून सांगितलं.

एक गोष्ट मला तोवर नीट कळली नव्हती. संघात गोलकीपर दोन असतात आणि खेळतो एक. ईशान दुसरा.

तिकडचा शनिवार संध्याकाळचा सामना आमच्याकडे रविवारी सकाळी दिसायचा, नाश्त्याच्या ट्रेबरोबर. मी मारिसेलला बोलावलं, मारिसेलने आणखी दोघींना. आयपॅड टेबलावर उभा केला. खेळाडू वादळासारखे फिरत होते, एकमेकांना फळीवर आदळत होते.

"तुमचा मुलगा कुठला?" मारिसेलने विचारलं.

बर्फावर उतरणारे खेळाडू सारखे बदलतात. बाकाजवळ एक छोटं दार असतं, ते कुणीतरी उघडायचं आणि लावायचं असतं.

"तो. दाराशी," मी म्हटलं.

"दार उघडतो तो?"

"लावतोही."

माझा चेहरा हलत नव्हता, हे त्या दिवशी बरंच झालं.

आजाराचं कळल्यावर ईशानने व्हिडिओ कॉल केला. "बाबा, आय ॲम कमिंग होम."

"येऊन काय करणार?"

"आय डोन्ट नो. बी देअर."

"इथे बसून राहण्याचं काम मी करतोय. तू तिथे बस. आणि तू आलास तर दार कोण उघडणार?"

तो हसला नाही. "बाबा, यू लुक सो अँग्री."

"मी हसतोय रे," मी म्हटलं. त्याने फोन बाजूला ठेवला. बराच वेळ नुसतं छत दिसत राहिलं.

हेमा मग माझ्यावर रागावली. "अहो, येऊ दे की त्याला! तुम्हाला काही वाटत नाही?" मी खरंच पाहिलं काही वाटतंय का. विहिरीतल्या पाण्यासारखं खाली कुठेतरी असावं, पण माझा हात पोहोचत नव्हता. तेव्हा हाताने चमचाही धरवत नव्हता म्हणा. ईशान तिथेच राहिला.

नाताळानंतर मला पुनर्वसनाच्या वॉर्डात हलवलं. तिथे तामा हा फिजिओथेरपिस्ट, माओरी, दरवाजाएवढा रुंद. रोज सकाळी "किया ओरा, मेट!" असा माओरी नमस्कार करत यायचा आणि मला दोन दांड्यांमध्ये उभा करायचा. पायांकडे पाहिलं तर ते जमिनीवर होते, नजर वळवली की नव्हते. मी विचारलं, "चालेन ना?" तो म्हणाला, "नसा नखांसारख्या वाढतात. नखाला विचारून बघा कधी वाढणार."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहिल्या गोलकीपरच्या मांडीचा स्नायू दुखावला. तो लंगडत बाहेर आला, आणि ईशान दार उघडून स्वतः बर्फावर उतरला. हेमा खुर्चीवरून उठून उभी राहिली. मारिसेलने रविवार सकाळचा पायंडा मोडला नव्हता, ती या वॉर्डातही डोकावायची. त्या दिवशी ट्रॉली तशीच सोडून ती आत आली. सामन्याचा शेवटचा भाग उरला होता. ईशानने पहिला फटका छातीवर घेतला, दुसरा पायाने अडवला. तिसरा आत गेला. मग चित्र अडकलं, आणि सुरू झालं तेव्हा आणखी एक आत गेला होता. नंतर मात्र त्याने एकही सोडला नाही. संघ हरला.

शिट्टी वाजली आणि मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हात मांडीवर पडून होते. मारिसेलच्या लक्षात आलं. तिने माझे दोन्ही हात मनगटाला धरले आणि एकमेकांवर आपटले, पुन्हा पुन्हा. आवाज येत होता. तळव्यांना काही कळत नव्हतं. माझ्याच टाळ्या मी शेजारच्या खोलीतून ऐकल्यासारख्या ऐकल्या.

पुढे तो पुन्हा बाकावर. सीझन संपल्यावर संघाने करार वाढवला नाही. एप्रिलच्या शेवटी तो घरी आला. मीही तोवर घरी आलो होतो, आधी वॉकर, मग काठी. डावा घोटा परत आला नाही. बहुधा येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. बुटात प्लास्टिकची पट्टी घालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ईशानला म्हटलं, "चल, पत्रपेटीपर्यंत. काठीशिवाय."

"बाबा, इज दॅट अ गुड आयडिया?"

"नाही."

आमचा ड्राइव्हवे उताराचा आहे. मी अर्ध्यावर गेलो. ईशान एक पाऊल मागे होता, हात लावत नव्हता, पण त्याचा श्वास मला ऐकू येत होता. पत्रपेटी दिसत होती. तेवढ्यात डावा पाय फसला आणि मी सावकाश, जवळजवळ विचार करून, बाजूच्या गवतावर कोसळलो.

पलीकडून शेजारी ओरडला, "यू राइट, मेट?"

"स्वीट ॲज!" मी ओरडलो. म्हणजे इथल्या भाषेत 'एकदम मस्त'.

ईशान खाली बसला, माझ्या काखेत हात घालायला लागला. "थांब," मी म्हटलं. रात्री पाऊस पडून गेला होता. पँटमधून काहीतरी आत शिरत होतं, उजव्या पोटरीपासून गुडघ्यापर्यंत. मी ते नीट तपासून पाहिलं.

"व्हॉट? डज इट हर्ट?"

"ओलं आहे रे," मी म्हटलं. "गवत ओलं आहे."

हे लिहिताना मला त्या बाटल्यांमागच्या माणसांची आठवण येते, ज्यांची नावं मला कधी कळणार नाहीत. तुमच्यापैकी कुणी रक्त देत असेल तर ते कुठे पोहोचतं, ते सांगायचं होतं. त्या सकाळी ते मला माउंट रॉस्किलमधल्या एका ओल्या गवतावर घेऊन आलं होतं. पँट पार भिजली होती. ईशानने पुन्हा हात पुढे केला आणि मी म्हटलं, "अजून जरा वेळ." मग तोही शेजारी बसला आणि भिजला.