कार्ड आणलंय का?

निवडणुकीची ड्यूटी केली की पाठ धरते आणि किस्से जमतात. पाठ चार दिवसांत सुटते, किस्से स्टाफरूममध्ये चहाबरोबर वर्षानुवर्षं चालतात. त्यातून आमचं केंद्र कसबा पेठेत, म्हणजे विचारायलाच नको!

मी पहिली मतदान अधिकारी. माणूस समोर आला की कार्ड बघायचं, यादीत नाव शोधायचं, मोठ्यांदा वाचायचं. मागे उमेदवारांचे पोलिंग एजंट बसलेले असतात. कोणाला शंका आली तर ते तिथंच हरकत घेतात. केंद्राध्यक्ष आमच्याच शाळेतले दातारसर, नियम म्हणजे नियम! बोटाला शाई लावायला कांबळेबाई. ह्या दोघांचं दरवेळी एकाच गोष्टीवरून वाजतं: कार्ड नसलेल्याला मत देऊ द्यायचं की नाही.

"एक खोटा आत सोडलात, की एका खऱ्याचं मत गेलं," सर म्हणतात.

"आणि खऱ्यालाच दारातून हाकललंत तर?" बाई विचारतात.

मी मधे बसते. मला दोघांचंही पटतं आणि डोकं माझं उठतं.

*

एक आजोबा आले. तांब्याची भांडी ठोकण्यात उभा जन्म गेलेला. सरांनी कार्ड मागितलं.

"कशाला? मी ह्याच गल्लीत जन्मलो. आपण कुठून आलात?"

"वाघोलीहून."

"मग ओळखपत्र आपण दाखवा!"

सगळं केंद्र हसलं. सरांनी खरंच खिशातून स्वतःचं ओळखपत्र काढून दाखवलं आणि म्हणाले, "आता तुमचं."

आजोबा कार्ड आणायला म्हणून घरी गेले, ते काही परत आले नाहीत. कांबळेबाई दिवसभर सरांशी बोलल्या नाहीत.

*

एका बाईंच्या कार्डावर एजंटनं हरकत घेतली. "फोटोतली बाई वेगळी आहे!"

खरंच वेगळी होती. फोटोत भरलेले गाल, खांद्यावरून पुढे घेतलेली जाड वेणी. समोरच्या बाईंचे गाल आत गेलेले, डोक्याला स्कार्फ गच्च बांधलेला. त्यांनी शांतपणे स्कार्फ सोडला. डोक्यावर एक केस नव्हता.

"केमो चालू आहे. आरशात बघते तेव्हा मलाही पटत नाही. तुम्ही हरकत घेतलीत ते बरोबरच आहे."

एजंट मान खाली घालून "सॉरी ताई" म्हणाला. सरांनी स्वतः उठून पाणी आणून दिलं. कांबळेबाईंनी बोट धरलं, तर नखं औषधानं आधीच काळी पडलेली. नखावर शाई दिसेना. मग कांबळेबाईंनी ती खाली कातडीवर ओढली.

*

आयटीतली एक मुलगी सुट्टी टाकून आली होती. कार्ड, आधार, पासपोर्ट, सगळं घेऊन. यादीत बघते तर तिच्या नावावर मत पडून गेलेलं! तिनं दोन्ही हात पुढे केले. दहाही बोटं कोरी.

सर माझ्याकडे बघायला लागले. मी भडकलेच. "माझ्याकडे काय बघताय? बिनकार्डाचं एक माणूस सोडलेलं नाही मी!"

मग नियमाप्रमाणे तिला कागदाची मतपत्रिका दिली. तिनं शिक्का मारला, सरांनी ती वेगळ्या पाकिटात घातली.

"हे मोजतात ना?" तिनं विचारलं.

"एरवी नाही. कोर्टानं सांगितलं तर."

"आणि माझ्या नावानं जी टाकून गेली, तिचं?"

"ते मोजतात," सर म्हणाले.

*

एकदा संध्याकाळी एक आजी आल्या. यादीत नाव होतं, कार्ड नव्हतं.

"मुलाकडे आहे. बिल्डरचं काम आहे म्हणून माझे सगळे कागद घेऊन गेला. मी आता खडकवासल्याला असते, वृद्धाश्रमात. बस बदलत बदलत आले हो. दर वेळी मत दिलंय मी, एकदाही चुकवलं नाही."

"मुलाला फोन करा ना, आजी."

"उचलत नाही."

"सर, आता तरी!" कांबळेबाई म्हणाल्या.

आणि काय सांगू, सर पहिल्यांदाच विरघळले. एजंटांकडे वळून म्हणाले, "ह्यांना कोणी ओळखतं का? एकानं जरी हो म्हटलं तरी मी माझ्या जबाबदारीवर मत देऊ देतो."

दोघं म्हणाले, आम्ही इथं नवीन. राहिला खिडकीजवळचा. चाळिशीचा असेल. सकाळपासून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारत होता, "काय काका, काय वहिनी" चाललेलं. तो समोरच्या यादीत बघत म्हणाला, "नाही."

"नीट बघा की जरा!" मी म्हटलं.

"नाही ओळखत म्हटलं ना, मॅडम!"

आजी त्याच्याकडे बघत राहिल्या. वाद घातला नाही, रडल्या नाहीत. पिशवी उचलली आणि निघाल्या. दाराशी जाऊन थांबल्या, मागे वळल्या.

"डबा खाल्लास का रे, का सकाळपासून तसाच बसलायस?"