शकुबाईंनी न घेतलेला चहा

आमच्या स्टील प्लांटच्या कॉलनीतल्या, आमच्याच सेक्टरमधल्या शेषरावांच्या रेणूचं अभिनयातलं पहिलं काम प्रेताचं. हैदराबादच्या एका कंपनीच्या उर्दू मालिकेत ती चादरीखाली पडून होती. गल्लीनं मोबाइलवर पाहून मनापासून दाद दिली, "पोरगी हलली नाई बरं!" पुढे बढती झाली; ट्रे घेऊन "जी, बेगमसाहिबा" म्हणणारी मोलकरीण. मग दोन वर्षं रडणारी सून. इतकं रडूनही रस्त्यात कोणी ओळखत नव्हतं.

घरात नागपुरी, गल्लीत हिंदी, अशा पोरीनं आरशासमोर बसून उर्दू कमावली. वडिलांना त्याचं काय? शेषराव प्लांटमध्ये भट्टीसमोर उभे राहून रिटायर झालेले. "तोंडाले रंग फासाले शिकवलं का मी तुले?" म्हणायचे. एकही भाग त्यांनी पाहिला नाही, नापसंत मात्र सगळे केले.

अखेर दुर्गच्या रेल्वेवाल्यांचं स्थळ आलं. मुलगा नरेश, आई शकुबाई. अट एकच, लग्नानंतर हे नाटक-बिटक बंद. रेणूला लग्न नको होतं असं नाही. काम सुटायला नको होतं. शेषरावांनी तिला न विचारताच फोनवर शब्द देऊन टाकला. आमच्याकडे मुलीचं आयुष्य असं झटपट मार्गी लागतं.

त्याच सुमारास रेणूला पहिल्यांदाच दुष्ट सुनेचं काम मिळालं आणि ते मोबाइलवर झळकलं. आणि पाहुणे आले. शेजारधर्म म्हणून मीही जाऊन बसले. फुकटची करमणूक कोण सोडतो? रेणूनं चहा आणला. सगळ्यांनी कप उचलले, शकुबाईंनी उचलला नाही.

"घ्या ना," शेषराव म्हणाले.

"नाई. मी कालच पायलं. हिनं सासूच्या चहात जहराची पुडी टाकली."

"अवो, ते नाटक होय!"

"मले समजते. पण हिचा हात जरासाबी थरथरला नाई. आतून आल्याबिगर असं होते का?"

नरेशनं आपला कप हळूच खाली ठेवला. गुणी मुलगा. रेणूच्या कामाची एवढी तारीफ तोवर कोणीच केली नव्हती, आणि करणारी बाई दाराकडे बघत होती.

चहावर साय धरली. शेषराव उठले, शकुबाईंचा चहा बशीत ओतला आणि उभ्याउभ्या सगळा प्यायले.

"शकुबाई, पोरगी काम सोडन म्हून शब्द देल्ला होता मी. तो वापस घेतो."

पाहुणे गेले. मला त्यांचा राग आला नाही, शेषरावांचा आला. स्वतःच्या लेकीचं काम कळायला या माणसाला परकी बाई घाबरलेली पाहावी लागली!

शेषराव खुर्चीत बसले. "रेणू, मोबाइल आन. पाहू दे मले, कसा थरथरत नाई तुहा हात."

रेणूनं मोबाइल आणला. देताना तिचा हात लटलट कापत होता.