हेमाकाकू आणि गुडघ्यातल्या सुया

मानपाडा रोडवरच्या लॅबमध्ये हेमाकाकूंच्या पोलरायझिंग मायक्रोस्कोपला दुसरं कुणी हात लावत नसे. प्रकाश गाळणाऱ्या त्याच्या दोन काचा एकमेकींना आडव्या केल्या की सगळं काळंकुट्ट व्हायचं, आणि स्फटिक असला तर तो त्या काळोखात चमकायचा. स्लाइडखालची गोल चकती फिरायची. "चकती फिरवल्याशिवाय तोंड उघडायचं नाही," असा काकूंचा दम होता. नव्या मुली त्यांच्या माघारी त्यांची नक्कल करायच्या.

दसऱ्याला सकाळी गुडघ्यातल्या पाण्याचं सँपल आलं ते नवऱ्याच्या नावाचं. प्रभाकरकाकांचा गुडघा टम्म सुजलेला, अंगात ताप. डॉक्टरांनी सरळ सांगितलेलं, "युरिक ॲसिडच्या सुया दिसल्या तर गोळ्यांवर भागेल. नाही दिसल्या तर आत पू धरायचा आणि आजच गुडघा उघडायचा. तोवर पोटात काही नको." काकांचं हृदय अधू, भूल सोसेल याची खात्री कुणीच देईना.

काकूंनी डोळा लावला. काळोखात ठिपकेच ठिपके चमकले. हात फोनकडेच गेला.

"सौमित्र, आहेत रे! ढीगभर!"

"नक्की ना आई?"

मागून हॉस्पिटलच्या खाटेवरून काका ओरडले, "मग आता मला खायला द्या! सणासुदीचं उपाशी मारताय!"

फोन ठेवून काकूंनी मोठं भिंग लावलं, चकती फिरवली. सुई असती तर विझून पुन्हा पेटली असती. रंगाची पट्टी सरकवल्यावर एका दिशेला पिवळी, दुसरीला निळी झाली असती. हे तर गोल कण. प्रत्येकावर काळी फुली, चकती फिरवली तरी जागची न हलणारी.

स्टार्च!

काल खंडेनवमी. यंत्राची पूजा करताना काकूंनीच समोर तांदळाच्या पिठाची रांगोळी घातली होती. शेजारी स्लाइडचा डबा उघडा.

उरलेला थेंब त्यांनी नव्या, पुसलेल्या काचेवर घेतला. निव्वळ काळोख. या कडेपासून त्या कडेपर्यंत. "एक तरी दिस गं बाई. एकच."

मग पुन्हा फोन. "सौमित्र, बाबांना काही देऊ नकोस!"

"अगं, श्रीखंड-पुरी खाल्ली त्यांनी. का?"

काकूंनी सांगितलं. पलीकडे धावपळ. डॉक्टर चिडलेले, "भरल्या पोटी भूल कशी देणार? थांबावं लागेल, आणि थांबलो तर पू पसरतोय!"

मग काका फोनवर आले. "अगं हेमा, परत बघ ना नीट."

"बघितलं हो."

"मग दिसल्या म्हणून लिही की. कोण बघतंय?"

"तुम्हाला नुसत्या गोळ्या देतील. आत पू वाढेल."

"मला भीती वाटते गं."

एका हाताने फोन कानाशी धरून दुसऱ्याने काकूंनी टाइप केलं: स्फटिक आढळले नाहीत. रिपोर्ट पाठवला.

"पाठवलास?" काकांनी विचारलं.

"हो."

"बरं," काका म्हणाले, आणि फोन सौमित्रकडे दिला.