पाशाची ऊब

स्टामात वारला त्या वर्षीच्या हिवाळ्यात समुद्राकाठच्या वार्ना शहरात वीज पुरेनाशी झाली. काही तास यायची, काही तास जायची. लोक विजेच्या वेळापत्रकावर जगायला शिकले. बायका दिवे आले की आधी विजेच्या शेगडीवर घेवड्याचं कालवण चढवत आणि मग बाकीची कामं बघत. वेलिकाला मात्र कालवणाच्याही आधी दुसरंच एक काम असायचं. दाराशेजारच्या जुन्या कपाटात पाशा होता. त्याला शेकायचं असायचं.

पाशा म्हणजे साप. अजगराच्याच जातीतला, पण लहान. अडीच हात लांब, मनगटाएवढा जाड, अंगावर तपकिरी-पिवळे डाग. स्टामात मालवाहू बोटीवर आचारी होता. आफ्रिकेच्या कुठल्याशा बंदरातून त्याने हा प्राणी कांद्याच्या पोत्यात घालून आणला होता. दिवसभर लोळायचं, दोन-तीन आठवड्यांतून एकदा उंदीर खायचा आणि कुणाकडे ढुंकून बघायचं नाही, म्हणून नाव पाशा ठेवलं. कपाटाला काच लावली, आत बोटीवरचा दिवा टांगला. वेलिकाने तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की घरात एक तर हा राहील, नाहीतर मी. स्टामात हसला आणि पुन्हा बोटीवर निघून गेला. राहिले दोघंही.

वेलिका मूळची दोब्रुजातल्या खेड्यातली. लग्न होऊन शहरात आली, सूतगिरणीत लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. नवरा वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. त्याच्या माघारी सापाला उंदीर घालणं, कपाट झाडणं हे सगळं तीच करायची, पण लांब चिमट्याने, तोंड फिरवून. इतक्या वर्षांत तिने पाशाला एकदाही हात लावला नव्हता.

तिचा खरा राग मात्र सापावर नव्हता. नवरा सुट्टीवर यायचा आणि सकाळी उठून जायचा तो समुद्राकाठच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर. तिथे त्याचे दोस्त जमायचे. बंदरात क्रेन चालवणारा नेयको, आणखी दोघं-तिघं. बाहेर बर्फ पडत असला तरी ही मंडळी डोक्यावर लोकरीच्या टोप्या घालून गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली. जेवण गार व्हायचं, वेलिका खिडकीशी बसून असायची. बोटीने नेला तो नेला, उरलेला या लोकांनी पळवला, असं तिच्या मनाने घेतलं होतं. अंत्ययात्रेत नेयको जवळ आला तेव्हा तिने त्याच्याकडे पाठ केली.

मग हा हिवाळा. दिवा विझला की कपाट गार पडायचं. वेलिका वीज असेपर्यंत पाणी तापवून ठेवायची, ते राकिया दारूच्या रिकाम्या बाटल्यांत भरायची, बाटल्यांना नवऱ्याचे लोकरी मोजे चढवायची आणि पाशाच्या दोन्ही अंगांना ठेवायची. का करते, ते तिलाही सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं की स्टामातच्या मागे घरात श्वास घेणारं दुसरं कुणी नाही.

जानेवारीत एकदा आदल्या दिवशी गेलेली वीज आलीच नाही. कोपऱ्यावरचं विजेचं यंत्र जळालं होतं. दुपारपर्यंत बाटल्या गार झाल्या. वेलिकाने काच सरकवली. पाशा वेटोळं करून पडला होता, डोकं मध्यभागी खुपसलेलं. तिने त्याला हाक मारली, कपाटावर टकटक केली. तो हलला नाही. तेव्हा तिने आयुष्यात पहिल्यांदा त्याला हात लावला. तिला वाटलं होतं तसा तो चिकट नव्हता. कोरडा होता, गुळगुळीत, आणि गार पडलेला.

खालच्या मजल्यावरची गीनाआजी जिन्यात भेटली. तिच्या माहेरच्या गावात घराच्या उंबऱ्याखाली राहणाऱ्या सापाला घरधनी म्हणायचे, त्याला दुधाची वाटी ठेवायचे. वेलिकाचे डोळे बघून तिने काय झालं ते विचारलं. मग म्हणाली, "अगं, मग इथं काय उभी राहिलीस? पोटाशी धर त्याला आणि झऱ्यावर जा. त्या पाण्याला कुठली आलीय वीज?"

वेलिका क्षणभर घुटमळली. झरा म्हणजे ती माणसं. पण मग तिने पाशाला उशीच्या अभ्र्यात घातलं, तो पोटाशी बांधला, वरून स्टामातचा बोटीवरचा जाड कोट चढवला आणि निघाली. शहराच्या बागेतून किनाऱ्याकडे उतरताना समुद्राकडून येणारा वारा तोंड कापत होता. कठड्यांना बर्फ लोंबत होतं. चालताना तिच्या लक्षात आलं की आपण सगळी वाट त्याच्याशी बोलत आलो आहोत. "थांब रे राजा, आलंच," असं काहीबाही.

झऱ्यावर वाफेचा ढग होता आणि ढगातून टोप्या दिसत होत्या. नेयकोने तिला ओळखलं.

"मी तुमच्यासाठी आले नाही," वेलिका म्हणाली. "हा गारठलाय."

नेयको पाण्याबाहेर आला. अंगाला पंचा गुंडाळून, थंडीने दात वाजत असताना त्याने तिला भिंतीच्या आडोशाला नेलं. तिथे एका फरशीखालून गरम पाण्याचा नळ जात होता. फरशी कोरडी होती आणि नुकतीच भाकर उतरवलेल्या तव्यासारखी उबदार. "इथं बसा वहिनी," तो म्हणाला. "स्टामातही त्याला इथंच ठेवायचा."

"कुणाला?"

"पाशाला. दर हिवाळ्यात आणायचा की पिशवीतून. तुम्हाला मासे आणायला जातो म्हणून सांगायचा."

वेलिका फरशीवर बसली. नवरा मासे न घेता परत यायचा आणि आपण त्याला बोलायचो, ते तिला आठवलं. मग तिने विचारलं, घरी दिवा असताना इथे कशाला आणायचा?

"स्टामात म्हणायचा, त्या घराची घडी वेलिकाने एकटीने बसवलीय. मी आणि पाशा, आम्ही दोघं तिथं उपरे. कुठं बसावं तेच कळत नाही. म्हणून मग इथं येऊन बसतो."

स्टामात घरी आला की आपण त्याच्या मागे मागे फिरून त्याने हलवलेली वस्तू जागेवर ठेवायचो. तिने कोटाची बटणं काढली आणि अभ्रा मांडीवर घेतला. बराच वेळ गेला. नेयको पुन्हा पाण्यात शिरला. कुणीतरी तिला थर्मासातला लिंडेनच्या फुलांचा चहा आणून दिला. आणि मग अभ्र्याच्या आत काहीतरी हललं. हळूच, अंथरुणात कूस बदलावी तसं. पाशाने डोकं बाहेर काढलं, जीभ लपलपवली आणि तिच्या मनगटाभोवती वेढा घेतला. वेलिका रडली ती तेव्हा. अंत्ययात्रेत तिला रडू आलं नव्हतं.

पाण्यातल्या मंडळींनी माना समुद्राकडे वळवल्या.

तो सगळा हिवाळा ती रोज दुपारी झऱ्यावर जात राहिली. कधी चीज भरलेली बनित्सा भाजून नेली, कधी लोणचं. पुढे पाय पाण्यात सोडून बसू लागली. नेयको बोटीवरच्या गोष्टी सांगायचा. स्टामातने एकदा वादळात तीस माणसांचं सूप कसं सांडलं आणि कप्तानाला कोरडा पाव कसा खाऊ घातला, हे तिला तिथे कळलं. इतक्या वर्षांच्या संसारात जेवढा नवरा भेटला नव्हता, तेवढा त्या फरशीवर भेटला.

वसंतात वीज नीट येऊ लागली. कपाटातला दिवा पुन्हा दिवसभर जळू लागला. पाशा त्याच्याखाली पसरून पडायचा आणि पूर्वीसारखाच कुणाकडे ढुंकूनही बघायचा नाही. शेजारीपाजारी सुटलो म्हणायचे. वेलिकाही म्हणायची. पण पुढच्या वर्षांत, बाहेर बर्फ पडू लागलं आणि घर फार गप्प वाटलं, की ती एखाद्या दुपारी स्वतःच कपाटातला दिवा मालवायची. कपाट गार पडेपर्यंत वाट बघायची. मग काच सरकवून त्याला उचलायची, कोटाच्या आत घ्यायची आणि खिडकीशी जाऊन बसायची.