मातीच्या दिवशीचा राउटर

बाना चोंबा पडदे विकायची. आमच्या न्डोला शहरातल्या 'मसाला' नावाच्या बाजारात परदेशी जुन्या कपड्यांच्या गाठी येतात, त्यातल्या पडद्यांच्या गाठी तिच्या. माझा गाळा तिला लागूनच, मी चादरी विकते. गाठ फोडली की बाकीच्या बायका रंगावर झेपावायच्या. बाना चोंबा मात्र भलतीकडेच बघत नुसता हात फिरवायची आणि सांगायची, "हा अस्तराचा. हा उन्हानं विटलाय. हा कुत्रं पाळणाऱ्या घरातला, धुऊन काही उपयोग नाही." कधी चुकली नाही. पण तिच्या स्वतःच्या घरात एका खिडकीला धड पडदा नव्हता. मी टोकलं की म्हणायची, "चांगला निघाला की विकला जातो. मी तरी काय करू?"

तिचं नाव एलेस्टिना. पण चोंबा झाला आणि ती सगळ्यांची बाना चोंबा, म्हणजे चोंबाची आई झाली. एवढा एकच मुलगा. नवरा गेला तेव्हा पोरगा शाळेत होता. पडदे विकून तिनं त्याला नर्सिंगपर्यंत शिकवलं. पुढे तो आयर्लंडला एका वृद्धाश्रमात नोकरीला लागला, बायकोला, चान्साला, घेऊन तिकडेच राहिला. म्वेवा ही त्यांची मुलगी तिकडेच जन्मली.

आमच्या चिफुबू वस्तीतली आमची घरं ओहोळाच्या उतारावर, खोलगट जागेत. फोनला रेंज हवी तर अंगणातल्या आंब्याखाली जाऊन हात वर धरायचा. चोंबा एकदा सुट्टीवर आला तेव्हा त्यानं आईच्या छपरावर लोखंडी खांब उभा केला, त्याच्या टोकाला अँटेना, अँटेनाची तार खाली घरात, आणि तिथे सिमकार्डवर चालणारा राउटर. जाताना तिला बजावून गेला, "मायो, वीज गेली की आधी प्लग काढायचा. आली की लगेच लावायचा नाही. पहिला झटका जाऊ दे, मग लावायचा."

धरणात पाणी नाही म्हणून आमच्याकडे भारनियमन चाललेलं. वीज कधी जाईल, कधी येईल, काही नेम नाही. पण बाना चोंबानं प्लग काढायचं कधी चुकवलं नाही. जेवणाच्या ताटावरून उठायची. मी हसायचे, "बाई, चर्च चुकेल पण तुझा प्लग चुकणार नाही." म्हणायची, "म्वेवा दिसते ना त्यात."

बातमीही त्यातूनच आली. आश्रमातल्या एका म्हाताऱ्याच्या पलंगावरची चादर बदलता बदलता चोंबा खाली बसला, तो उठलाच नाही. चान्सा फोनवर हुंदके देत सांगत होती. बाना चोंबानं सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली, मग विचारलं, "म्वेवा जेवली का?" फोन ठेवला आणि चालत माझ्याकडे आली.

"चोंबा गेला," ती दारातूनच म्हणाली. "तुझ्याकडे मोठी पातेली आहेत ना? लोक येतील."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

लोक आले. आमच्या रीतीप्रमाणे घरातलं सामान अंगणात काढलं, आत जमिनीवर बायका, बाहेर शेकोटीभोवती पुरुष. भिंतीशी गादी टाकून तिला बसवली. जी बाई दारातून आत यायची ती हंबरडा फोडत यायची. बाना चोंबा तिच्याकडे बघायची, शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तशी. स्वयंपाकाच्या चुलीपाशी कुजबूज सुरू झाली. "पोटचा एकुलता एक गेला नि डोळ्याला टिपूस नाही!" "दगड आहे दगड." मी म्हटलं, "दगड म्हणा, पण कोबी नीट चिरा."

माती तिकडेच होणार, असं चान्सानं कळवलं. ते ऐकून चोंबाचे मामा खवळले. आमच्यात मामाचा शब्द मोठा. मुसोंडामामा अंगणात आंब्याखाली हात वर धरून फोनवर ओरडत होते, "भाचा आमचा! माती आमच्यात व्हायला पाहिजे!" बाना चोंबानं गादीवरूनच हाक मारली.

"दादा, फोन ठेव. पोरीला बापाचं थडगं जवळ हवं."

"आणि तुला?"

"मला काय? मला दिसलं म्हणजे झालं."

मामांनी फोन ठेवला. प्रार्थना आणि माती दुसऱ्या दिवशी इंटरनेटवरून दाखवणार होते. आमच्या पाद्रीबाबांनी चर्चचा लॅपटॉप द्यायचं कबूल केलं.

त्याच दुपारी वीज आली. सकाळी गेली तेव्हा घरात एवढी गर्दी, प्लगची आठवण कुणाला राहणार? बाना चोंबा गादीवर, तिलाही राहिली नाही. दिवा लागला तो पांढराफटक, डोळे दिपतील असा. पंखा किंचाळला. राउटरमधून टप् असा आवाज आला आणि जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला. दिवाही उडाला. बायकांचं भजन मध्येच थांबलं, मग एकीनं पुन्हा धरलं, बाकीच्यांनी ओढलं.

बाना चोंबा उठली. दोन दिवसांत पहिल्यांदाच आपणहून उठली. राउटरवर तळहात ठेवून म्हणाली, "गरम आहे." तारा काढल्या, कमरेला गुंडाळायच्या चितेंगे कापडांतलं वरचं एक सोडून त्यात तो गुंडाळला आणि दाराकडे निघाली.

मामा आडवे आले. "कुठे निघालीस? आईनं गादी सोडायची नसते. लोक काय म्हणतील?"

"मग तू जा. काय बघून आणायचं, ठाऊक आहे?"

मामांना ठाऊक नव्हतं.

"बसून तरी काय होतंय, दादा? बसले तरी मला काही होत नाहीये, उठले तरी काही होत नाहीये."

मी पायात चपला सरकवल्या आणि तिच्या मागे निघाले.

बाजाराच्या कोपऱ्यावर जेरेचं दुकान. फोन, रेडिओ, राउटर, काय वाट्टेल ते उघडून बसलेला असायचा. तो न्गोनी, आम्ही बेंबा. आमच्या दोन जमातींचं नातंच थट्टेचं. पणजोबांच्या काळी लढाया झाल्या, आता नुसती जीभ चालते. आम्ही त्यांना उंदीरखाऊ म्हणायचं, त्यांनी आम्हाला माकडखाऊ. राग मानायचा नाही, गप्पही बसायचं नाही, मयताच्या घरीसुद्धा. बाना चोंबाची आणि त्याची तर रोजची जुंपायची.

तिला बघताच जेरे ओरडला, "आली, आली! दुकानातली केळी लपवा रे, माकडांची सोयरी आली!"

"केळी नको लपवू," ती म्हणाली. "तुझा डबा लपव. शेपट्या बाहेर लोंबतायत."

नेहमीसारखाच शब्दाला शब्द. फक्त तोंडावरची रेघ हलली नाही. मला मान वर करवेना.

जेरेनं चितेंगे सोडलं, राउटर नाकाशी नेला. "अगं, भाजून आणलास की! मीठ लावायचं राहिलं. चोंबाला सांग, आईला पुढच्या वेळी राउटर नको, चूल पाठव."

"सांगते," बाना चोंबा म्हणाली.

माझ्यानं राहवलं नाही. "जेरे, चोंबा गेला रे."

त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. तो माझ्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. रस्त्यावर एक ढकलगाडीवाला वाट द्या म्हणून बोंबलत होता.

"बघतोयस ना?" बाना चोंबानं विचारलं. "उद्या दुपारी माती आहे. त्यातून बघायची आहे."

जेरेनं मान खाली घातली आणि कामाला लागला. अडॅप्टरला मीटर लावला. मेलेला. दुसरा लावला. राउटरवर एक लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. त्यानं खोका उघडून आमच्यापुढे धरला. आत जिथून वीज शिरते तिथली एक डबीसारखी वस्तू टम्म फुगलेली, आणि तिच्या खालची पाटी मक्याच्या पिठाचा नशिमा शिजवायच्या भांड्याच्या बुडासारखी करपलेली.

"हे फुगलेलं बदलून देता येईल," तो म्हणाला. "पण झटका आतपर्यंत गेलाय. आज चालू झाला तरी उद्या ऐनवेळी बसेल. याचा भरवसा मी देणार नाही, बाना चोंबा. दुसऱ्या कुठल्या दिवशी दिला असता."

"मग दुसरा दे."

त्यानं तसाच एक वापरलेला राउटर शोधला, तिच्या अँटेनाची तार त्याला बसते का ते तिनंच सांगितलेल्या खुणेवरून ताडून पाहिलं. जळक्यातलं सिमकार्ड काढून पुसलं, नव्यात घातलं. दिवे एकेक करून हिरवे झाले. सिम वाचलं होतं.

"आणि हा?" त्यानं जळका पुढे केला. त्यावर एका कडेला चोंबानं शाईनं म्वेवाचं नाव लिहिलेलं होतं. मला वाटलं, आता ती तो छातीशी धरेल.

"ठेव तुझ्याकडे," ती म्हणाली. "सुटे भाग निघतील."

आम्ही निघालो तेव्हा जेरे दुकानाच्या पायरीपर्यंत आला. "उद्या मी येतो. तुमच्यातला कुणी मेला की खड्डा खणायचा मान आमचा. या पोरानं खड्डा तिकडेच ठेवला. निदान तार तरी मला जोडू द्या."

दुसऱ्या दिवशी तो फाटकातूनच गरजत आला. खांद्यावर मोटारीची बॅटरी. "कुठाय तो पळपुटा बेंबा? माझी थट्टा सोसवेना म्हणून समुद्रापार पळाला! आणि मरायचं तेही तिकडेच! मी फावडं घेऊन पोचू नये म्हणून!" रडत बसलेल्या बायका रडता रडता हसू लागल्या. मामा उठून उभे राहिले, मग तेही हसले आणि तोंडावर रुमाल धरून अंगणाच्या कोपऱ्यात गेले.

बाना चोंबानं त्याच्याकडे बघून फक्त मान हलवली.

जेरेनं राउटर विजेला लावलाच नाही. "हाही बारा व्होल्टचा, बॅटरीही बाराची. वीज येऊ दे नाहीतर जाऊ दे, आज तिचं काम नाही." तार जोडली, पण रेंज एकच काडी. वाऱ्यानं छपरावरची अँटेना फिरली होती. शिडी लावून तो वर चढला. खाली कुणीतरी काड्या मोजायला हवं. मामा पुढे झाले, काळा कोट घातलेले, राउटरपुढे गुडघे टेकून बसले.

"किती?" वरून जेरे.

"दोन!"

"आता?"

"एकच! अरे गाढवा, उलटा फिरवतोयस!"

"गाढव कोण? खाली बसून मोजताय ते काय उपकार?"

"तीन! थांब! हलू नकोस, तीन झाल्या!"

लॅपटॉपवर चित्र आलं. लहानशी खोली, कोट घातलेली मोजकी माणसं. मध्ये पेटी. पहिल्या बाकावर चान्सा, तिच्या शेजारी लाल लोकरी टोपी घातलेली म्वेवा. कुणी मोठ्यानं रडत नव्हतं. आमच्या बायकांनी थोडी वाट पाहिली, मग त्यांच्या वतीनं आपणच सुरुवात केली.

"मागच्या पडद्याला अस्तर नाही," बाना चोंबा म्हणाली.

जवळच्या बाईनं घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी बाना चोंबाचा हात धरला. गार होता, ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात.

मग सगळे बाहेर गेले. हिरवं गवत, बारीक पाऊस, खड्डा. पट्ट्यांवर पेटी ठेवली, माणसं पट्टे धरून उभी राहिली, आणि चित्र थिजलं. एका माणसाचा पाय उचललेला, तसाच. मामा राउटरकडे धावले. "हात लावू नका!" जेरे ओरडला. "इकडे सगळं ठीक आहे. वाटेत कुठेतरी अडलंय. येईल." आम्ही सगळे त्या उचललेल्या पायाकडे बघत राहिलो. चित्र हललं तेव्हा पेटी दिसत नव्हती. खड्ड्यावर हिरवं कापड होतं आणि लोक हात झटकत होते.

"झालं का?" बाना चोंबानं विचारलं.

मामा म्हणाले, "झालं गं."

"बरं," ती म्हणाली.

जेरेला नशिमा आणि कापेंता, म्हणजे बारीक सुकी मासळी, वाढली; तो जेवला, आणि जाताना बॅटरी तिथेच ठेवून गेला.

लोक पांगले, सामान आत आलं. बाना चोंबा पुन्हा बाजारात यायला लागली. हात पूर्वीसारखाच चालायचा. जेरे येता-जाता माकडाची आठवण काढायचा, ती उंदराची काढायची. एकदा गाठ फोडताना मीच विचारलं, "रडलीस का गं कधी?"

"नाही," ती म्हणाली. "वाट बघते. येईल येईल वाटतं, मग येत नाही."

"मनात काय होतं?"

तिनं खरोखरच विचार केला. "कापूस भरल्यासारखं. दुखत नाही. तूच सांग, दुखायला हवं ना?"

मी गाठीतला पुढचा पडदा तिच्यापुढे सरकवला.

रविवारी म्वेवाचा फोन येतो. कधी कधी मीही तिथे असते. पोरीची बेंबा भाषा बापाबरोबरच आटत चाललीय, ती निम्मं इंग्रजीत बोलते. आजीला त्यातलं थोडं कळतं, थोडं सुटतं.

"आजी, तुझ्याकडे थंडी आहे का?"

"नाही गं, ऊन आहे."

"इकडे पाऊस आहे."

"बरं. जेवलीस का?"

मग दोघींचं बोलणं संपतं. म्वेवा चित्र काढत बसते, बाना चोंबा तिच्याकडे बघत बसते. फोन ती आपणहून कधी बंद करत नाही. तिकडून बंद झाला की थोडा वेळ तशीच बसते आणि मग चुलीवर पाणी ठेवायला उठते.