पंचमीचं पाणी

आमच्या मंडळाच्या इतिवृत्ताच्या जुन्या वहीत माझ्या अक्षरातलं एक वाक्य आहे: ‘तांडेलांचा भरतीचा अंदाज चुकल्यामुळे कार्यक्रम अपुरा राहिला.’ अक्षर सुरेख आहे, वाक्य खोटं आहे. लिहिलं तेव्हा मी तेहतीस वर्षांचा होतो, आज बावन्नचा आहे.

खारदांड्याच्या आमच्या कोळीवाड्यात मार्गशीर्षातल्या पंचमीला आरमाराच्या त्या सरदाराची आठवण करतात. परक्यांच्या जहाजांना त्याने आपल्या परवान्याशिवाय हा किनारा ओलांडू दिला नाही, आणि त्याला बुडवायला आलेली गलबतं हात हलवत परत गेली. त्याची तसबीर होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बांधायची, पताका लावायच्या, आणि वाड्यातल्या सगळ्यात जाणत्या तांडेलाने सुकाणू धरून होडी खाडीबाहेर न्यायची. समुद्रात फुलं वाहून परत यायचं, मागोमाग बाकीच्या होड्या. त्या पहिल्या होडीच्या सुकाणूला हात लागणं याहून मोठा मान आमच्याकडे नाही.

सरदाराचा जन्म कधीचा यावर जाणकार काहीही म्हणोत, आमच्या जुन्यांनी पंचमी धरली ती पाणी बघून. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पाच पाऊणे पावणेचार. पंचमीला दुपारी पावणेचारला खाडी काठोकाठ. दरवर्षी, थोडं मागेपुढे. हे गणित मला शाळेच्या आधी काकांनी शिकवलं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, त्या पहिल्या होडीचे तांडेल. वडील लवकर गेले. माझी दहावी-बारावी काकांच्या ओट्यावर झाली, त्यांच्या वाळत घातलेल्या जाळ्यांच्या वासात. चार-चार दिवस समुद्रावर राहून आलेला माणूस दारात पाय धुता धुता पहिलं विचारायचा, “पोरा, वाचलंस काय?” मी अंधेरीला कंपनीत लागलो तेव्हा त्यांनी वाड्यात पापलेटं वाटली. आणि मंडळाच्या बैठकीत त्यांनीच हट्ट धरला, “आता शिकलेली पोरं पुढं घ्या. माज्या पुतन्याला सेक्रेटरी करा.” केलं.

सेक्रेटरी झाल्यावर मला पहिली गोष्ट सुचली ती ही, की मोठा पाहुणा आणायचा. पाहुणा मिळाला, पण त्याला रविवारच जमत होता. मी म्हटलं, काय बिघडतं, तिथी काय नि तारीख काय! पत्रिका छापून टाकल्या: रविवार, दुपारी तीन. त्या रविवारी त्रयोदशी होती.

काकांनी पत्रिका हातात घेतली, ओठ हलवले आणि म्हणाले, “तेरा पाऊने पावनेधा. सकाळी पावनेधाला भरती. दुपारी तीन-चारला खाडीत चिखल असंल रं.”

“काका, पाहुण्यांना तेवढीच वेळ आहे.”

“पाव्हन्याला वेल हाय, पन दर्याला कुटं हाय?”

“पत्रिका गेल्यात हो सगळीकडे. तुम्ही काढाल ना कशीही. तुम्ही नाही काढणार तर कोण काढणार?”

ही मी केलेली लाडीगोडी. मंडळात मी यातला चकार शब्द काढला नाही. कोळ्याच्या पोराने ओहोटीच्या वेळेला होडी काढायचा बेत केला, हे सांगायचं कुणाला? त्या दिवशी दोन वाजता काका पुन्हा म्हणाले, “आत्ता निघूया, जरा तरी पानी हाय.” मी म्हटलं, पाहुणे येऊ देत. पाहुणे साडेतीनला आले. धक्क्यावर बायका कुजबुजत होत्या, पण सुकाणूवर काका बसलेले बघून गप्प झाल्या. तांडेल बसलाय म्हणजे त्याने काहीतरी बघितलं असेल.

होडी शंभर हातही गेली नाही. खाडीच्या तोंडाशी तिचं पोट चिखलात बसलं आणि ती हळूहळू एका अंगावर कलली. तसबीर तिरकी झाली. पांढऱ्या कपड्यांतले पाहुणे एका हाताने पताकांची दोरी आणि दुसऱ्या हाताने चपला धरून गुडघाभर चिखलातून धक्क्याला आले. कुणीतरी ओरडलं, “ओ पाव्हनं, बोंबील घेऊन चला घरी!” सगळा धक्का हसला.

अध्यक्ष तेव्हा तापट गृहस्थ होते. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, “पाणी कुणी बघितलं होतं?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या फाइलमध्ये पाहिलं. ती फाइल मला आजही आठवते, तिची निळी नाडी मी बोटाला गुंडाळत होतो.

“माजा अंदाज चुकला,” काका म्हणाले.

घरी जाऊन मी इतिवृत्त लिहिलं.

दुसऱ्या वर्षापासून कार्यक्रम पुन्हा पंचमीला सुरू झाला, पण सुकाणू दुसऱ्याकडे गेलं. काकांना कुणी काही बोललं नाही असं मी स्वतःला सांगायचो. बोलत होते. स्वतःची होडी काढायला ते धक्क्यावर आले की कुणीतरी हसत विचारायचं, “तांडेल, पानी हाय ना आज?” काका पंचमीला घरातून बाहेर पडेनासे झाले. दार ओढून जाळं विणत बसायचे. आणि मी स्टेजवर भाषण करायचो! ज्यांची जहाजं सरदाराने अडवली त्यांनी आपल्या कागदांत त्याला चाचा लिहिलं, समुद्रावरचा लुटारू लिहिलं, आणि कागद त्यांचे म्हणून जगाने तेच खरं धरलं. या वाक्याला दरवर्षी टाळ्या पडायच्या. अठरा वर्षं मी त्या घेतल्या.

काकांनी मात्र मला कधी तोडलं नाही. रविवारी काकीच्या हातून मासे येत राहिले. माझ्या मुलीला पोहायला त्यांनी शिकवलं. मी जुहूच्या बाजूला भाड्याने राहायला गेलो तेव्हा सामानाच्या टेम्पोत पुढे तेच बसले. हे सगळं मी घेतलं. घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते कळत असतं. मलाही कळत होतं.

यंदा आमच्या नव्या अध्यक्ष, मासळीबाजारात बसणाऱ्या बाई, वही घेऊन माझ्याकडे आल्या. “सेक्रेटरी, तुमचं अक्षर झकास. सगळ्या वर्षांचं एकेक वाक्य लिहून द्या, समाजमंदिरात फलक लावायचाय.”

मी लिहायला बसलो. त्या वर्षाशी आलो. एकदा खोटं लिहिणं वेगळं, आता तेच रंगवून भिंतीवर लावायचं होतं. उठलो आणि काकांकडे गेलो.

काका ओट्यावर होते. ऐंशी उलटलेत, हात थोडे कापतात, तरी सुई चालू होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं: पत्रिका, फाइल, वही. त्यांनी गाठ मारली, दाताने दोरा तोडला.

“मना कशाला सांगतंस? मना ठावं हाय. ज्यांना ठावं नाय त्यांना सांग.”

“काका, तेव्हा तुम्ही का नाही बोललात?”

“तुला मीच पुढं केलेला. तू पडला असतास तर शिकलेल्या पोरांना परत कोनी विचारलं नसतं.” मग सुई पुन्हा हातात घेऊन म्हणाले, “पन मना वाटलेलं दोन-चार वर्षांत बोलशील. लई वेल लावलास रं.”

पंचमीला मी माइक हातात घेतला. भाषण खिशात होतं, ते काढलंच नाही. वही उघडून ते वाक्य वाचलं आणि म्हटलं, “हे खोटं आहे. वेळ मी ठरवली होती. तांडेलांनी मला दोनदा सांगितलं होतं की पाणी नसेल.” पुढचं काय काय बोललो ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, “आन आमी त्याला एवढी वर्षं पानी विचारत होतो!” कुणी हसलं नाही.

काकी पुढे बसली होती. ती उठून माझ्यापाशी आली. मला वाटलं मारते. “एकोनीस पंचम्या हा मानूस माज्या घरात तोंड पाडून बसलाय,” ती म्हणाली, “आता जा, घेऊन ये त्याला. मी नाय जानार.”

अध्यक्षबाई माझ्याबरोबर आल्या. दारातूनच ओरडल्या, “तांडेल, चला. होडी थांबलीय.” काकांनी जाळं बाजूला ठेवलं, खुंटीवरची लाल टोपी घातली आणि चालू लागले. धक्क्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. त्यांचं वजन आता काहीच राहिलेलं नाही.

ते सुकाणूपाशी बसले. पावणेचारला पाच मिनिटं होती. एका तरुणाने मोबाइल दाखवला, “काका, यात भरती पूर्ण झालीय. निघूया ना?”

काकांनी मोबाइलकडे पाहिलं नाही. वाकून धक्क्याच्या दगडावरची ओली रेघ पाहिली, पाण्यावर तरंगणारी एक काडी कुठे जाते ते पाहिलं.

“चढतंय अजून,” ते म्हणाले. “वीस मिंटं थांबा.”

पाहुणे उन्हात उभे होते, वाजंत्री तयार होती, मागच्या होड्यांची इंजिनं चालू झाली होती. अध्यक्षबाईंनी हात वर केला. एकेक इंजिन बंद झालं, आणि अख्खा वाडा काकांच्या शब्दावर वीस मिनिटं थांबला. मी नाळेशी तसबीर धरून बसलो होतो.